रत्नागिरीची टीम, पण मॅचेस सगळ्या गहुंजेलाच का?

वाडीतला_ओपनर (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी, एमपीएल म्हणजे आपली महाराष्ट्र प्रीमियर लीग, त्याबद्दल एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. २०२३ ला पहिला सीझन झाला तेव्हा आमच्याकडे नुसता उत्साह होता, रत्नागिरी जेट्स नावाची टीम टीव्हीवर दिसतेय हेच खूप होतं, आणि पहिल्याच वर्षी चॅम्पियन! मग २०२४ ला परत चॅम्पियन, सलग दोनदा. पण दोन्ही सीझनमधली एकही मॅच रत्नागिरीत झाली नाही, सगळं पुण्याजवळ, एक्सप्रेसवेला लागून असलेल्या गहुंजेच्या स्टेडियमवर. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, सोलापूर सगळ्यांचं तेच. बरं टीममधले प्लेयर ऑक्शनमधून येतात, कॅप्टन अझीम काझी नगरचा, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही, टीम मस्त चालवली त्याने, पण मग आमच्या गावाचं त्यात नाव सोडून काय उरलं?

आमच्याकडे मे महिन्यात या म्हणजे कळेल, चाकरमानी आले की वाडीवाडीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा, रात्री लाईट लावून, यूट्यूबला लाईव्ह, कॉमेंट्री करणारा पोरगा घसा बसेपर्यंत बोलतो आणि बघायला सगळं गाव. एवढं क्रिकेटवेडं पब्लिक कोकणात आहे आणि आमच्या पोरांना लेदर बॉलची मॅच समोर बसून बघायला एक्सप्रेसवेपर्यंत जावं लागतं. म्हणजे पहाटेची एसटी धरायची, आणि रात्रीची मॅच संपल्यावर परत यायचं कसं? मला खरंच जाणून घ्यायचंय, अडचण नक्की कुठे आहे, आणि एकदोन मॅच तरी जिल्ह्यात आणता येतील का? आणि २०२३ ची फायनल पूर्ण झाली नव्हती तरी कप आम्हाला मिळाला यावरून कोल्हापूरचे मित्र अजून ऐकवतात, त्याचा नियम पण कोणीतरी नीट सांगा.

नॉनस्ट्रायकर_पुणे
दादा फायनलचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. कोल्हापूर टस्कर्सची पहिली बॅटिंग होती, १६ ओव्हरमध्ये ८० ला ८ अशी अवस्था, आणि मग पाऊस. टी-ट्वेंटीत निकाल लावायला दुसऱ्या टीमला निदान ५ ओव्हर खेळायला मिळायला लागतात, तेव्हाच डकवर्थ लुईस, म्हणजे पावसाने ओव्हर कमी झाल्या की टार्गेट ठरवायचं गणित, लावता येतं. जेट्सना ते मिळालंच नाही, राखीव दिवस धरून सुद्धा. अशा वेळी लीग टेबलमध्ये जो वर असेल त्याला कप, आणि वर रत्नागिरी होती. आयपीएलमध्ये पण हाच नियम आहे, त्याच्याच एक महिना आधी अहमदाबादला चेन्नई-गुजरात फायनल पावसाने राखीव दिवसावर गेली, तिथेही पुन्हा पाऊस आला आणि चेन्नईला १५ ओव्हरमध्ये १७१ करायचे होते, ती मॅच झालीच नसती तर टेबल टॉपर म्हणून गुजरात चॅम्पियन झाली असती. दुसरा मार्ग म्हणजे कप वाटून घेणे, २००२ ला कोलंबोत चॅम्पियन्स ट्रॉफी भारत आणि श्रीलंकेने वाटून घेतली होती, दोन दिवस पावसात गेले म्हणून. मला विचाराल तर टेबलचा नियम जास्त बरोबर वाटतो, सगळ्या लीगभर चांगलं खेळल्याची किंमत राहते. आणि २०२४ ला तर जेट्सनी फायनलमध्ये ईगल नाशिक टायटन्सला मैदानात हरवून कप राखला, त्यामुळे कोल्हापूरच्या मित्रांना तेवढं सांगा.

आता ग्राउंडचं. आयपीएल संपते मे अखेरीला, आणि पुढचा डोमेस्टिक सीझन सुरू व्हायच्या आत हे उरकायचं, म्हणजे जून. ७ जूनला मृग लागतं, कोकणात तेव्हा काय पाऊस असतो ते तुम्ही मला सांगाल. गहुंजेला फ्लडलाईट आहेत, ड्रेनेज चांगलं आहे, टीव्हीचा सगळा सेटअप एकदाच लावायचा आणि दिवसाला दोन दोन मॅच काढायच्या, सहा टीम एकाच शहरात हॉटेलला. खर्चाचं गणित तिथेच सुटतं.

उजनी_एंड (सोलापूर)
पावसाचं कारण कोकणाला लागू होतंय, सोलापूरला नाही. जूनमध्ये आमच्याकडं ढगाकडं बघत बसायची वेळ असती. आणि ग्राउंड नाही असं पण म्हणू नका, इंदिरा गांधी स्टेडियमवर जानेवारी २०२४ ला महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच झाली, कित्येक वर्षांनी रणजी आली म्हणून शाळेतली पोरं सुद्धा बघायला आलती. नाशिकला अनंत कान्हेरे मैदानावर पण रणजी होती. चार दिवसाची मॅच होऊ शकती तर दुपारची तीन तासाची का नाही. लाईट नसतील तर दिवसा खेळवा.

अजून एक, तामिळनाडूची लीग बघा, टीएनपीएल. २०२३ ला ती पण जूनमध्येच चालू झाली, आपल्या एमपीएलच्या आसपास, आणि मॅचेस कोईमतूर, दिंडिगल, सेलम, तिरुनेलवेली अशा गावांत. तिथं गावात मॅच असली की ते शहर तेवढे दिवस क्रिकेटचंच असतं. आणि आमची तर टीमच गेली, २०२३ ला सोलापूर रॉयल्स होती, विकी ओस्तवाल कॅप्टन, पुढच्या वर्षी त्याच्या जागी रायगड रॉयल्स. एक मॅच जरी सोलापुरात झाली असती तर लोकांनी टीम अशी सहज सोडून दिली नसती असं मला मनापासून वाटतं. आमचा अर्शिन कुलकर्णी पहिल्या सीझनला नाशिककडून खेळला, आणि खेळला म्हणजे काय, पुणेरी बाप्पासमोर ५४ बॉलमध्ये ११७, १३ सिक्स, मग बॉलिंगला येऊन ४ विकेट, शेवटची ओव्हर त्यानंच टाकली आणि मॅच १ रननं जिंकली. १८ वर्षाचं पोरगं. डिसेंबरला आयपीएलच्या लखनऊ टीमनं २० लाखात घेतलं, नंतर दक्षिण आफ्रिकेत अंडर-१९ वर्ल्ड कपला अमेरिकेविरुद्ध सेंच्युरी. हे सगळं सोलापूरकरांनी मोबाईलवर बघितलं.

नॉनस्ट्रायकर_पुणे
टीएनपीएलचं उदाहरण चांगलं आहे पण एक लक्षात घ्या, नैऋत्य मान्सूनच्या वेळी तामिळनाडूचा बराचसा भाग सह्याद्रीच्या आडोशाला असतो, त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर. त्यांना जून-जुलै फिरायला मोकळा मिळतो. पण सोलापूरबद्दल तुमचं पटलं, ते पण पर्जन्यछायेतच येतं. अर्शिनची मॅच मी स्टेडियमवर बघितली होती, शेवटच्या ओव्हरला पुण्याचे लोक सुद्धा त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

कृष्णाकाठची_ताई (सांगली)
मुलींच्या लीगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. २०२५ ला महिलांची एमपीएल पण सुरू झाली, चार टीम. आमच्या सांगलीची स्मृती मानधना रत्नागिरी जेट्सची कॅप्टन, कोल्हापूरची अनुजा पाटील पुण्याच्या टीमची कॅप्टन, सोलापूरची किरण नवगिरे रायगडची. म्हणजे जिल्हा आणि टीम याचा मेळ तिथेही नाही, पण माझ्या अकॅडमीतल्या मुलींना त्याचं काही वाटत नाही, त्यांना आपल्या भागातली मुलगी टीव्हीवर बॅटिंग करताना दिसली हेच मोठं. घरचे लोक विचारायचे क्रिकेट खेळून पुढे काय, त्याला दाखवायला आता काहीतरी आहे. ज्या दोन मुली सोडायच्या विचारात होत्या त्या परत नेटला यायला लागल्या.

मॅच जिल्ह्यात नेणं जमेल तेव्हा जमेल, पण सीझनच्या आधी टीमने आपल्या जिल्ह्यात चार दिवस कॅम्प घ्यायला काय हरकत आहे? इनडोअर घ्या, पावसाचा प्रश्नच नाही. कॅप्टनने येऊन पोरापोरींना नेटमध्ये बॉल टाकले तरी ती पोरं जन्मभर त्या टीमची होतील. आणि एप्रिल-मेमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात उघड्या ट्रायल, त्यातून निदान एक-दोन खेळाडू त्याच जिल्ह्याचे घ्यायचेच असा नियम हवा.

विदर्भ_एक्सप्रेस
मधेच विचारतो, एमपीएलमध्ये नागपूर का नाही? आमच्या पोरांना पण खेळू द्या की.

नॉनस्ट्रायकर_पुणे
भाऊ, राज्य एक पण क्रिकेट असोसिएशन तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ, रणजीत तीन टीम असतात तशा. राज्याच्या लीगमध्ये त्या असोसिएशनचेच खेळाडू खेळवायचे असा बीसीसीआयचा नियम आहे. तुमची विदर्भ प्रो टी-ट्वेंटी लीग २०२५ ला सुरू झाली ना, आणि मुंबईची टी-ट्वेंटी मुंबई २०१९ नंतर त्याच वर्षी परत सुरू झाली. जून २०२५ ला राज्यात तिन्ही लीग झाल्या.

वाडीतला_ओपनर
सगळ्यांचे आभार. पावसाचं मी समजू शकतो, जूनमध्ये रत्नागिरीत मॅच ठेवा असं आमच्यातला कोणी म्हणणार नाही, मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमवर तेव्हा तळं असतं. पण ताईंनी सांगितलेलं एकदम करण्यासारखं आहे. आमच्याकडची टेनिसची पोरं यॉर्कर टाकतात ना, एकदम बुंध्यात, लेदर बॉल हातात दिला आणि कोणी चार महिने शिकवलं तर त्यातला एखादा नक्की वर जाईल. निखिल नाईक सावंतवाडीचाच, आयपीएल खेळला. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, तो पहिल्या सीझनला छत्रपती संभाजी किंग्जचा कॅप्टन होता. मोठ्या शहराबाहेरून पोरं येतात, फक्त त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचायला पाहिजे.

आमच्या तालुक्यातल्या पाच-सहा मंडळांचे लोक मिळून असोसिएशनला आणि टीमवाल्यांना पत्र लिहायचं ठरवतोय, मेमध्ये टुर्नामेंटच्या दिवसांत ट्रायल ठेवा म्हणून, तेव्हा सगळी पोरं गावातच असतात. सोलापूरकर, तुम्ही पण दुपारच्या मॅचसाठी तसंच पत्र द्या, आणि ताई, मुलींच्या ट्रायलचा मुद्दा आमच्या पत्रात कसा मांडू ते चार ओळीत लिहून द्याल का?

कृष्णाकाठची_ताई
रात्रीपर्यंत टाकते. वयोगट वेगळे लिहा, १५ खालच्या आणि १९ खालच्या, आणि मुलींसोबत येणाऱ्या पालकांची राहायची सोय करा हे आठवणीने घाला.

उजनी_एंड
आमचं पण पत्र जाणार. मसुदा इथंच टाकतो, बघून दुरुस्त्या सांगा.