मदत हवी आहे: बाबांचा स्वभाव की व्यक्तिमत्त्व विकार?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे, सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त. घरी ते आणि आई, मी आणि भाऊ बाहेरगावी. आईला हल्ली झोप लागत नाही म्हणून भाऊ तिला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेला. आई तासभर बाबांबद्दलच बोलली. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना ओसीपीडी असू शकेल." बाबांना त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही! भावाने घरी येऊन तो शब्द गुगल केला (अति काटेकोरपणाचा व्यक्तिमत्त्व विकार म्हणे) आणि आता बाबा काहीही करोत, ते ओसीपीडीच.

गेल्या गणपतीतलं सांगते. मखर बाबा करणार होते, पुठ्ठ्याचं, पाच कमानींचं. जुलैपासून ट्रेसिंग पेपरवर मापं चालली होती. हरतालिकेच्या रात्री उभं केलं तर डावीकडची कमान म्हणे दोन मिलिमीटर वर. आम्हाला कुणालाच दिसेना. बाबांनी ती उकलली, मग उरलेल्या चारही. भाऊ मदतीला गेला तर "तुला कटर धरता येत नाही" म्हणून त्याला उठवलं. सकाळी गुरुजी दारात आले तेव्हा बाबा पुठ्ठ्यांच्या पसाऱ्यात फूटपट्टी घेऊन बसलेले, आंघोळ व्हायची होती. शेवटी मागे आईची पैठणी लावून गणपती पाटावर बसले. दीड दिवस बाबा कुणाशी बोलले नाहीत.

मी थोडं वाचलं. ओसीडी (मंत्रचळ) आणि ओसीपीडी या वेगळ्या गोष्टी आहेत एवढं कळलं. ओसीडीवाल्याला स्वतःचे विचार छळतात, हात धुणं थांबावं असं त्यालाच वाटत असतं. ओसीपीडीत आपलंच बरोबर, बाकीचे गचाळ. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन यादीत त्याची आठ लक्षणं आहेत, त्यातली चार जुळायला हवीत. बाबांची मोजली तर पाच भरली. मग स्वतःची मोजली. तीन! त्या रात्री झोप मलाही नाही लागली. आणि आठांपैकी चारच लागत असतील तर दोन माणसांत एकही लक्षण सारखं नसताना दोघांना नाव मात्र एकच, असंही होऊ शकतं ना?

माझे प्रश्न:
स्वभाव कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो, हे ठरवतं कोण? बाबांना स्वतःला काहीच त्रास नाही, त्रास आईला आहे. मग तो कुणाच्या खात्यात धरायचा? आणि कॉलेजच्या पुस्तकात याला 'व्यक्तिमत्त्व विकृती' म्हणत. 'विकृत' हा शब्द पेपरात कुणासाठी वापरतात ते आपल्याला माहीत आहे. आईला हे कुठल्या शब्दांत सांगू?

पाटीपेन्सिल:
मी मानसशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. अपसामान्य कशाला म्हणायचं याची एकच एक मोजपट्टी नाही. नुसतं विरळ असणं पुरत नाही. १४५ बुद्ध्यांक ५५ इतकाच विरळ, पण पहिल्याचे आपण पेढे वाटतो. समाजाला न पटणं हा निकष तर घातकच. समलैंगिकता अमेरिकन मनोविकार संघाच्या यादीत होती, १९७३ साली काढली. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट लिहिलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा कामाविषयीच्या मूल्यांत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणून मुख्यतः बघतात ते त्रास आणि रोजच्या जगण्यात येणारा अडथळा.

खातं कुणाचं, हा तुमचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. कुर्ट श्नायडर या जर्मन डॉक्टरने १९२३ साली अशा व्यक्तिमत्त्वांची व्याख्या केली ती अशी: आपल्या वेगळेपणाचा ज्यांना स्वतःला त्रास होतो, किंवा ज्यांच्यामुळे इतरांना होतो. तो 'किंवा' फार महत्त्वाचा, आणि धोक्याचाही. उद्या नावडता माणूसही त्यात बसवता येईल.

लक्षणांच्या बेरजेबद्दलची शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ने, व्यक्तिमत्त्व विकारांच्या प्रकारांपैकी बॉर्डरलाइन नमुना (भावना आणि नाती सतत अस्थिर असणं) तेवढा ठेवून बाकीची नावंच काढली. आता आधी बिघाड किती ते बघायचं, सौम्य, मध्यम की तीव्र. मग स्वभावाचा कल. तुमच्या बाबांच्या वर्णनाशी जुळणाऱ्या कलाला तिथे अनॅनकास्टिया म्हणतात. शब्द 'विकार' वापरा, 'विकृती' नको.

जुनाजाणता:
आमच्या पिढीत सगळेच बाप असे होते. स्वभावाला औषध नाही. उगाच लेबलं लावू नका.

मी:
काका, औषध नाही हे आईने चाळीस वर्षं ऐकलंय. आता गोळी तिला घ्यावी लागतेय.

निळीशाई:
ताई, मी मनोरुग्णालयात समाजसेविका आहे. दोनच गोष्टी. पहिली, हे कधीपासून? व्यक्तिमत्त्व विकार म्हणायचा तर तो तरुणपणापासून आणि घर, ऑफिस, नातेवाईक अशा सगळीकडे दिसायला हवा. साठीनंतर माणूस एकाएकी बदलला असेल तर प्रकरण वेगळं, मेंदूच्या आजाराची तपासणी आधी करून घ्या. दुसरी, न बघितलेल्या माणसाचं निदान होत नसतं. त्या बाईंचं वाक्य सोडून द्या. पण आईची झोप सोडू नका, बाबांना काही असो वा नसो. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात. आणि बाबांना 'तुम्हाला विकार आहे' असं सांगून नेऊ नका, येणार नाहीत.

मी:
सगळ्यांचे आभार. आईला विचारलं, कधीपासून? ती हसली. १९८६ साली स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते बाबांनी तीनदा लिहिले, अक्षर एकसारखं येईना म्हणून. निम्म्या पत्रिका लग्न झाल्यावर पोचल्या. म्हणजे साठीनंतरचं नाही.

निळीशाई, तुमचं ऐकून काल फोनवर बाबांना एवढंच म्हटलं, आईच्या झोपेसाठी डॉक्टरकडे जायचंय, सोबत याल का? लगेच हो म्हणाले, भावाला पार्किंग जमत नाही म्हणून. आज त्यांनी फोटो पाठवलाय. आई किती वाजता आडवी झाली, किती वाजता उठली, मध्ये किती वेळा जागी झाली, २१ रात्रींचा तक्ता, हाताने आखलेला. म्हणजे २१ रात्री तेही जागेच होते. खाली शेरा आहे: '१४व्या रात्रीची नोंद अंदाजे, क्षमस्व.'

शुक्रवारची वेळ मिळालीय. झालं की इथेच लिहीन.