१२ वर्षांच्या कबड्डीपटूचं गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटलंय, हाडांची वाढ बाकी आहे. ऑपरेशन आत्ता की १६ नंतर?

क्रीडाशिक्षक_तासगाव

शाळेतल्या सातवीच्या मुलासाठी विचारतोय. दाखल्यावर वय १२ वर्षं ४ महिने. तीन आठवड्यांपूर्वी चढाईत उजवा पाय रोवलेला असताना मागून घोट्याला पकड बसली. अंग वळलं, पाय जागेवरच राहिला. 'कट' असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. घरी दोन दिवस तेल लावून चोळलं, मग एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली कूर्चेची चकती) कडेला फाटलेली, असं लिहिलंय. आता सूज बरीच उतरलीय, सपाटीवर नीट चालतो, पण जिना उतरताना दोनदा गुडघा निसटला.

एक डॉक्टर म्हणतात, वाढ पूर्ण व्हायच्या आत हाडात भोक पाडलं तर पाय आखूड किंवा वाकडा होईल, १६ पर्यंत थांबा. दुसरे म्हणतात, थांबलात तर गादी हातची जाईल. आईवडील शेतात राबणारे, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर घाबरून गेलेत. त्यांना नेमकं काय समजावून सांगू? आणि मोठ्या गावात नेलं तर डॉक्टरांना काय विचारायचं?

अस्थी_मिरज

सर, दोन्ही डॉक्टर ज्या धोक्यांबद्दल बोलतायत ते दोन्ही खरे आहेत. म्हणूनच 'आत्ता की १६ नंतर' एवढ्यावर निर्णय होत नाही. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: मुलाच्या हाडांचं वय काय, आणि गादीची फाट शिवण्याजोगी आहे का.

हाडांचं वय म्हणजे दाखल्यावरचं नव्हे. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा साधा एक्स-रे काढून तो ग्रॉयलिश-पाइलच्या पुस्तकातल्या वयवार नमुना एक्स-रेंशी ताडून बघतात. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन-दोन वर्षांचा फरक सहज असतो. बाराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून आवाजही न फुटलेला मुलगा, यांना एकच ऑपरेशन चालत नाही. मुलींची हाडं साधारण १४व्या आणि मुलांची १६व्या वर्षाच्या सुमारास वाढायची थांबतात, हेही हाडांच्या वयानेच मोजायचं.

गुडघ्याची एवढी काळजी का, तर पायाची दोन-तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या वाढपट्टीतूनच होते (वाढपट्टी म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा थर, तिथूनच हाड लांब होतं; पुढे नुसतं 'पट्टी' म्हणतो). जुना ठोकताळा असा: मांडीच्या हाडाची खालची पट्टी वर्षाला साधारण ९ ते १० मिमी वाढवते आणि नडगीची वरची पट्टी ६ मिमी. या मुलाचं हाडांचं वय १२ निघालं तर ४ वर्षं शिल्लक, म्हणजे गुडघ्यापाशी अजून ६ सेंमीच्या आसपास उंची यायचीय. तेच साडेचौदा निघालं तर सव्वादोन-अडीच सेंमी. पट्टीला इजा झाली तर काय बिघडू शकतं, ते या आकड्यावरून ठरतं. फक्त आखूडपणाचाच प्रश्न नाही. मांडीच्या पट्टीची बाहेरची बाजू थांबली तर गुडघा आत झुकतो, नडगीच्या पट्टीची पुढची बाजू थांबली तर गुडघा मागे वाकतो.

आता ऑपरेशनबद्दल. 'हाडात भोक' हे सगळ्या पद्धतींना लागू नाही.

हाडांचं वय मुलांत १२ किंवा त्याखाली, मुलींत ११ किंवा त्याखाली असेल तर पट्टीला हातच न लावणारी पद्धत आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा लांब जाड बंध, म्हणजे आयटी बँड, त्यातली एक फीत वरून सोडवतात, खाली नडगीला चिकटलेली तशीच ठेवतात. ती मांडीच्या हाडाच्या मागून वळवून सांध्यात आणतात आणि पुढे नडगीवरच्या आवरणाला टाक्यांनी बांधतात. हाडात एकही बोगदा नाही. दुसरी पद्धत पट्टीच्या अलीकडेच, म्हणजे हाडाच्या टोकाच्या भागातच बोगदा पाडायची. त्यात काही मिलिमीटर चुकले तरी पट्टी दुखावते, म्हणून चालू ऑपरेशनमध्ये सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत बघतच ती करावी लागते.

वाढ थोडी उरलेली असेल तर पट्टीतून आरपार बोगदा चालतो, पण अटी पाळून. बोगदा शक्य तितका उभा आणि मध्यावर घ्यायचा, तिरका नाही. तिरका गेला की पट्टीचा जास्त भाग कापला जातो. व्यास ८ मिमीच्या आत ठेवलेला बरा. पट्टीच्या क्षेत्रफळाचा ७ टक्क्यांपेक्षा जास्त भाग गेला तर वाढ अडते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. नीट पाडलेला बोगदा त्याच्या आत राहतो. बोगद्यातून फक्त मऊ स्नायूबंधच जायला हवा. दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असलेला वाटीखालचा ग्राफ्ट (म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा बंध) मोठ्यांना चालतो, इथे नको, कारण हाडाचा तुकडा पट्टीत बसला की दोन्ही बाजूंची हाडं तिथे जुळून वाढ बंद होते. स्क्रूचंही तसंच. ग्राफ्ट बाहेरून बटणावर किंवा पट्टीपासून लांब अडकवायचा, पट्टीतून स्क्रू जाता कामा नये. आणि मृत दात्याचा ग्राफ्ट तरुण खेळाडूंत जास्त वेळा तुटतो, तो टाळावा.

म्हणून डॉक्टरांना हे विचारा: हाडांचं वय काढलं का? १४ वर्षांखालच्या मुलांची एसीएलची ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? कुठली पद्धत, ग्राफ्ट कुठला, अडकवणार कुठे? वाढ संपेपर्यंत तपासणीला बोलावणार का? मिरजेत गुडघ्याचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण वाढत्या मुलांचं हे काम वेगळं आहे. ते नियमित करणारे जवळपास नसतील तर पुणे-मुंबईला जाऊन मत घ्यायला काही हरकत नाही. ऑपरेशन दोन-चार आठवड्यांनी पुढे गेल्याने नुकसान नाही, मात्र त्या काळात गुडघा निसटू द्यायचा नाही. शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

थांबण्याबद्दल शेवटचं. 'थांबणं' म्हणजे घरी बसणं नसतं, ती स्वतंत्र उपचारपद्धत आहे. कडक फिजिओ, पाय वळवायचे खेळ पूर्ण बंद आणि वेळोवेळी तपासणी. गादी शाबूत आहे आणि गुडघा निसटत नाही, अशा लहान मुलात ती योग्य ठरू शकते. तुमच्या मुलाचा गुडघा जिन्यावर निसटतोय आणि गादीही फाटलीय. प्रत्येक निसटण्याला गादी आणि हाडावरची कूर्चा चेंगरते. कापलेली वाढपट्टी टाळायची म्हणून गादी घालवली तर विशीतच गुडघा झिजायला लागू शकतो. फाट शिवण्याजोगी असेल तर ती शिवताना एसीएलही करणं, याकडे माझा कल आहे. एमआरआयच्या फिल्म बघितल्याशिवाय याहून ठाम बोलणार नाही.

कबड्डी_वाळवा

आमच्याकडे अशा पोरांना सहा आठवडे प्लास्टर घालतात आणि लिगामेंट आपोआप जुळतं म्हणतात. ते चुकीचं आहे का?

अस्थी_मिरज

दादा, एका विशिष्ट दुखापतीत ते बरोबर आहे, म्हणूनच हा समज पसरलाय. साधारण ८ ते १४ वयात कधीकधी बंध तुटण्याऐवजी बंध जिथे नडगीला चिकटतो तो हाडाचा टवकाच उचकटतो. गुडघा तसाच फुगतो, पण साध्या एक्स-रेत, विशेषतः बाजूने काढलेल्यात, टवका दिसतो. तो जागच्या जागी असेल तर पाय सरळ ठेवून प्लास्टर पुरतं. पुढून उचलला गेला असेल तर पाय सरळ करून जागेवर बसतो का ते बघतात. पूर्ण सुटला असेल तर दुर्बिणीतून टाके किंवा स्क्रूने बसवावा लागतो. हाडाला हाड जुळतं.

बंध मधोमध तुटला असेल तर प्लास्टरने तो जुळेल या आशेवर राहता येत नाही. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, तुटलेली टोकं एकमेकांना धरत नाहीत. प्लास्टरमध्ये मांडी मात्र वाळते आणि गुडघा आखडतो. म्हणून आधी एक्स-रे, मग एमआरआय, मग निर्णय. आणि खेळताना मार बसून दोन-तीन तासांत गुडघा फुगला तर आत रक्त साठलंय असंच धरून चालायचं. पहिले काही दिवस शेक नको, मालीश तर मुळीच नको. त्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर, कुबड्या.

क्रीडाशिक्षक_तासगाव

आभारी आहे, आजच आईवडिलांशी बोलतो. पण मुलगा हट्टाला पेटलाय. ब्रेस लावून यंदाची जिल्हा स्पर्धा खेळू का विचारतोय. १४ वर्षांखालच्या गटात त्याचं हेच चांगलं वर्ष आहे म्हणे. आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत शाळेत त्याच्याकडून काही करून घ्यायचं का?

फिजिओ_सातारा

खेळू नये. ब्रेस गुडघ्याला पुढेमागे थोडा आवरतो, पण चढाईत पाय रोवून वळताना जो पीळ बसतो तो ब्रेसने थांबत नाही. त्याला सरळ सांगा की एका स्पर्धेत गादी पुरती फाटली तर पुढचे मोसम जातील. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल बंद. सायकल आणि पोहणं चालेल, पोहताना बेडूकपाय नको.

ऑपरेशनच्या आधीचे आठवडे फुकट घालवू नका. आखडलेल्या, सुजलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर पूर्ण सरळ न होण्याचा धोका वाढतो. तीन गोष्टी करून घ्यायच्या.

पाय पूर्ण सरळ करणं सगळ्यात महत्त्वाचं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून ४ वेळा. इथे घरोघरी एकच चूक होते: दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. उशीवर गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. आईला हे दोनदा सांगा. दुसरं, मांडी आवळणं: पाय सरळ, वाटी वर ओढली गेली पाहिजे, ५ ते १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसभरात पाच-सहा फेऱ्या. त्यानंतर पाय सरळ ठेवून उचलणं. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर मांडी अजून तयार नाही, परत आवळण्यावर यायचं. तिसरं, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, स्थिर सायकल, एका पायावर तोल. पूर्ण उकिडवं बसणं तूर्त नको.

ऑपरेशननंतरचं वेळापत्रक पद्धतीवर अवलंबून असतं. आयटी बँडची पद्धत किंवा गादी शिवली असेल तर सहसा ६ आठवडे कुबड्या, आणि भार देऊन ९० अंशांपलीकडे वाकवणं बंद. पळणं साधारण ४ महिन्यांनी, तेही सूज नसेल आणि एका पायावर दहा नीट अर्ध्या बैठका जमत असतील तरच. कबड्डी किमान ९ महिन्यांनी. या वयात मी १२ महिनेच धरून चालायला सांगते. ९ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे. तरुण खेळाडू खेळात परतल्यावर चारपैकी जवळपास एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल पुन्हा तुटतं. हा आकडा मुलाला आधीच सांगून ठेवा, नंतर नको.

नुसत्या कॅलेंडरवरही जाऊ नका. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी हवी. एका पायाची उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत तीन उड्या आणि ६ मीटर लंगडी घड्याळ लावून. चारही चाचण्यांत ९० टक्के. उड्यांचं अंतर बघताना गुडघा आत कोसळतो का हेही बघा, मोबाइलवर समोरून चित्रण करा. अंतर भरलं पण गुडघा आत जातोय, तर तो नापास.

कबड्डी_वाळवा

बाकीच्या पोरांना होऊ नये म्हणून सरावात काय घालायचं? आम्ही दोन फेऱ्या पळवतो आणि डाव सुरू करतो.

फिजिओ_सातारा

तेवढ्याने भागत नाही. २० मिनिटं, आठवड्यात किमान दोनदा, मोसमभर. फुटबॉलसाठी फिफाने बनवलेला 'इलेव्हन प्लस' आणि ७ ते १३ वयासाठी त्याचीच 'किड्स' आवृत्ती आहे. कबड्डीला तीच चौकट चालते. दोन पायांवर उडी मारून आवाज न करता उतरणं, गुडघे पंजांच्या रेषेत. एका पायावर उभं राहून जोडीदाराने हलकं ढकलणं. पळत येऊन चार छोट्या पावलांत थांबणं आणि मग वळणं; एकाच पायावर गर्रकन वळायची सवय मोडायची. चौदा वर्षांपुढच्यांना गुडघ्यांवर बसून, घोटे जोडीदाराने धरून, हळू पुढे झुकायचा मांडीच्या मागचा व्यायाम: ३ ते ५ वेळांपासून सुरुवात. मुलींना हे सगळं जास्त गरजेचं, कारण त्यांच्यात हे बंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे.

मॅटवर खेळत असाल तर बुटांची पकडही तपासा. अंग वळतं आणि बूट जागेवरून हलत नाही, तिथेच गुडघ्याला पीळ बसतो.

आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची भिंतीवर मोजून वहीत लिहा. ज्याची उंची तीन महिन्यांत दोन सेंमीच्या वर गेली तो झपाट्याने वाढतोय. हाडं पुढे गेलीत, स्नायू आणि तोल मागे आहे. त्याच्या पकडी आणि उड्या काही आठवडे कमी करा.

अस्थी_मिरज

तासगावच्या सरांसाठी: शाळेत या मुलाच्या उंचीची जुनी नोंद असेल तर तिची प्रत डॉक्टरांकडे न्या. हाडांच्या वयासोबत गेल्या वर्षभरात किती वाढला हे कळलं की पद्धत निवडणं सोपं जातं. आईवडिलांची उंचीही विचारतील. ऑपरेशननंतर कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा उभ्याने एक्स-रे साधारण ६ महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे वाढ संपेपर्यंत काढत राहायचा. मुलगा खेळायला लागला की घरचे तपासणी सोडतात. पाय आत झुकायला लागलेला लवकर कळला तर लहान प्लेट लावून वाढीलाच वळण देता येतं. वाढ संपल्यावर कळला तर हाड कापावं लागतं.

क्रीडाशिक्षक_तासगाव

आरोग्य तपासणीच्या कार्डावर पाचवीपासूनची उंची आहे. प्रत काढून देतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो, त्याचं काय करू?

फिजिओ_सातारा

कुबड्या असेपर्यंत त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा. शेवटच्या बाकाच्या कडेला जागा द्या म्हणजे पाय सरळ ठेवता येईल, टाचेखाली ठेवायला समोर एक स्टूल. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर मधे भोक असलेली खुर्ची लागेल, ती ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.