अनुभव धागा: साच्यातलं रिसेप्शन की घरचं लग्न? (डीजे, बँड, अँकर, पाहुणे, सगळ्यांनी लिहा)

कन्सोलमागून
सीझनच्या आधी हार्ड डिस्क साफ करतो दरवर्षी. एकदा तुळशीचं लग्न लागलं की मग जेवायलाही फुरसत नसते. परवा त्यात 'आजी ओव्या फायनल २' असं फोल्डर सापडलं आणि सगळी दुपार त्यातच गेली.

नाशिककडची पार्टी होती. नवरीच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट घरात होती. आजी जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरी म्हणाली, स्टेजवर येताना एंट्रीचं गाणं नको, हे लावा. मी हो म्हणून बसलो. घरी डेक उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून चिकटलेला. कुणाकडून तरी दुसरा डेक आणला, कॅसेट उतरवून घेतली. मागची खरखर काढायला गेलो तर आजींच्या आवाजातली धारही त्याबरोबर जायला लागली, मग निम्मीच काढली.

आता प्रत्यक्षात काय झालं? ओवी सुरू झाल्याबरोबर इव्हेंटवाला पोरगा लांबून खुणा करतोय, कट कर, कट कर. एक काका येऊन विचारून गेले, सिस्टिम बिघडली का? निम्मी जनता बुफेच्या लायनीत. आणि डावीकडच्या सोफ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी कॅसेटच्या पुढे जाऊन ओवी म्हणायला सुरुवात केली. पुढची ओळ कुठली यावरून त्यांच्यात जुंपली. नवरा-नवरी स्टेजकडे जायचं सोडून तिकडेच वळली. फोटोग्राफर चिडला, त्याचे सगळे लाइट स्टेजवर लावलेले.

बाकी सीझनभर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. लो फॉग (जमिनीलगतचा धूर), कोल्ड पायरो (थंड ठिणग्यांचे फवारे), फुलांच्या चादरीखालून सावकाश चालणं, फिरतं स्टेज, केक, 'जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत'. लॉन बदलतं, कार्यक्रमाच्या क्रमाची शीट तीच. एकदा तर शीटवर आधीच्या पार्टीचं आडनाव तसंच राहून गेलेलं.

लिहा तुमचं.

सबवूफर_सातारा
दादा, ओव्यांचा किस्सा भारी. पण साच्याला शिव्या घालू नका, साच्यावर घर चालतंय. लॉनवाला सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच अशी दोन लग्नं घेतो. साडेतीनला सकाळचं मंडप रिकामं, सहाला दुसऱ्यांचे पाहुणे गेटवर. मधल्या वेळात ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा) हलवायचं, टॉपचे स्पीकर उतरवायचे, लाइन चेक करायची. त्यात कोण म्हणतं आमच्या प्रेमकहाणीवर प्लेलिस्ट करा. करतो की, पण सांगायचं कधी? आदल्या रात्री अकराला? आणि गाणी यूट्यूबवरून उतरवलेली, फोनवर बरी वाटतात, आमच्या सिस्टिमवर पत्रा वाजल्यासारखी.

जनरेटर बंद पडतो, वरमाय रुसते, नवरदेवाचा मित्र कन्सोलवर कोल्ड्रिंक सांडतो. तेव्हा ठरलेला क्रमच वाचवतो. पुढे काय लावायचं हा विचार डोक्यात नसला की हात मोकळे राहतात.

करवली
आम्हा पाहुण्यांचं पण ऐका हो. साच्यातलं असो नाहीतर घरचं, आवाज कमी करा!! शेजारी बसलेल्या मावशीशी दहा वर्षांनी भेट झाली आणि आम्ही दोघी हातवारे करून बोलतोय.

सबवूफर_सातारा
ताई, तुम्ही बसता कुठे? सगळे येऊन सबवूफरच्या पुढ्यातच खुर्ची टाकतात कारण तिथे पंखा असतो.

करवली
हे मात्र खरं :ड

माइकवाला
घरच्या लग्नाचा अनुभव घ्या. मुलाच्या चार आत्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचलेली. मंगलाष्टकं म्हणजे बहुतेक शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं मोजून. त्यात आत्यांनी 'टोरांटो', 'सॉफ्टवेअर' आणि कुत्र्याचं नाव बसवलेलं. एकेक ओळ तेवीस-चोवीस अक्षरांपर्यंत. चाल पुढे आणि शब्द मागून धावतायत. कॉर्डलेस एकच, चौघी जणी चार बाजूंनी ओढतायत. भटजी घड्याळ बघतायत, मुहूर्त बारा सदतीस.

आता खरी गंमत. ते दोन हॉलचं कार्यालय, मध्ये नुसती सरकती भिंत. पलीकडे दुसरं लग्न, दुसरा साउंडवाला, कॉर्डलेस माझ्यासारखाच, स्वस्तातला, आणि फ्रिक्वेन्सी नेमकी तीच. आत्या श्वास घ्यायला थांबल्या. माइक खाली जाऊन बंद झाला आणि माझ्या रिसीव्हरने पलीकडच्या भटजींना पकडलं. आमच्या स्पीकरमधून खणखणीत 'शुभमंगल सावधान'. पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या. अंतरपाट धरलेले मामा गोंधळले आणि त्यांनी तो सोडून दिला. मुलीने हार घातलासुद्धा. बारा एकतीस.

भटजी शांतपणे म्हणाले, पलीकडचा मुहूर्तही आजचाच आहे, शुभच आहे. आत्या मात्र अजून बोलत नाहीत म्हणे, तीन कडवी राहिली ना त्यांची.

टिंगलखोर
म्हणजे पलीकडच्यांनी तुमचंही लग्न लावलं. दक्षिणा कुणी दिली?

हेडफोनवाली
मेले हसून. ऑफिसात सगळे बघतायत.

कन्सोलमागून
माइकवाले काका, म्हणूनच मी भटजींना कायम वायरचा माइक देतो. कॉर्डलेस फक्त उखाण्याला.

अँकर_पुण्याची
मी माइकवर असते त्यामुळे दोन्ही बाजू बघते. मला विचाराल तर 'पर्सनलाइज्ड' हाच आता सगळ्यात मोठा साचा झालाय. कपल क्विझ. बुटांचा खेळ. दोघांच्या नावांचा हॅशटॅग. नवरीच्या लहानपणापासूनचे फोटो एलईडीवर, त्याखाली पियानो. 'आमचं जरा वेगळं हवं' असं म्हणून येणाऱ्या दर पार्टीला हेच हवं असतं, आणि इव्हेंटवाले त्याचे वेगळे पैसे लावतात. सिल्व्हर पॅकेजात साधं लग्न, गोल्डमध्ये तुमची प्रेमकहाणी.

मी फॉर्म पाठवत नाही. घरच्या कुठल्यातरी एका मोठ्या बाईला फोन करते. आई नको, आई कामात बुडालेली असते. काकू, मावशी, विधवा आत्या. ती पंधरा मिनिटांत सगळं सांगते: कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाला स्टेजवर बोलवायचं नाही. आणि एक प्रश्न मी हमखास विचारते, कुठलं गाणं लावायचंच नाही? एका घरात धाकटा भाऊ गेलेला आणि त्याच्या फोनची रिंगटोन म्हणजे त्या वर्षी प्रत्येक वरातीत वाजणारं गाणं. नवरीने यादीत ते लिहिलं नव्हतं, ती कशी लिहील? काकूंनी सांगितलं. मी डीजेला सांगितलं, त्याने पेन ड्राइव्हमधूनच उडवलं. पोरांनी तीनदा फर्माईश केली, तो म्हणाला फाइल करप्ट आहे.

सबवूफर_सातारा
हे पटलं. 'नको'ची यादी मी पण घ्यायला लागतो.

पनवेलकर
तुम्ही रिसेप्शनचं बोलताय, आमच्याकडे उरण-पनवेल पट्ट्यात हळद हाच मोठा कार्यक्रम. डीजेचा खर्च बघून रिसेप्शनवाले लाजतील. पण त्याच मांडवात धवलारीण पण असते. आगरी-कोळी लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई. ती घरातल्यांची नावं घेत गाते, नवऱ्याचं, मामाचं, काकांचं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस रागावून बाहेर जातो. पर्सनलाइज्ड अजून काय असतं?

आता होतं काय, धवलारीण गात असते आणि बाहेर पोरं साउंड चेक करतात. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला धवलारणीने गाणं थांबवून डीजेला हाक मारली, ये, तुझं पण नाव घेते, मग तरी गप बसशील. घेतलं खरंच. त्याने बटण बंद केलं आणि आत येऊन बसला.

नियमाप्रमाणे
हळदीचा विषय निघालाच आहे तर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. बंदिस्त हॉलची गोष्ट वेगळी. बारा वाजेपर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं, ती सण-उत्सवांसाठी. तुमच्या भाच्याची हळद त्यात बसत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. चार माणसं गप्पा मारत बसली तरी साठाच्या आसपास जातं.

पनवेलकर
साहेब, तुम्ही आलात की हळद लवकर आटपते बघा.

बँडवाल्याचा_नातू
आजोबांचा ब्रास बँड होता, धुळ्याकडे. मी साउंडमध्ये आलो. आजोबा सुपारी घेताना विचारायचे, मुलीकडचे कुठले? साक्री-नवापूरचे असतील तर पावरीवाला (पावरी म्हणजे तिकडचं फुंकून वाजवायचं वाद्य) सोबत घ्यायचे, नाहीतर वरात हलायची नाही. कोकणातली वरात आली तर सरळ सांगायचे की त्यांना खालू बाजा (त्यांचा सनई-ढोलाचा ताफा) लागेल, आमच्या क्लॅरनेटवर ती माणसं नाचणार नाहीत. सोलापूर-सांगलीकडे हलगी. म्हणजे गाव कळलं की वाजवायचं काय ते कळलं. आजोबांनी 'पर्सनलाइज्ड' वगैरे कधी ऐकलं नव्हतं. आणि साचाही होताच की, मांडवात शिरताना काय वाजवायचं, जेवणाच्या वेळी काय, हे ठरलेलं. कार्यालयात सनई म्हणजे बिस्मिल्ला खाँसाहेबांची रेकॉर्ड, ती तर साऱ्या महाराष्ट्रात एकच. त्याला कुणी साचा म्हणत नाही.

मला आता वरातीत धुळे काय, ठाणे काय, तोच १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके) रिमिक्स लागतो. मीच लावतो, तक्रार कुणाकडे करू.

हेडफोनवाली
'तीच सनई सगळीकडे' हे डोक्यात आलंच नव्हतं कधी. मला तर ती ऐकली की मसालेभाताचा वास येतो.

नवीन_सदस्य_नाव_सुचेना
माझं लग्न फेब्रुवारीत आहे म्हणून वाचतोय. मित्रांनी एआयवर आमच्या दोघांच्या नावाचं गाणं करून आणलंय. चाल चांगली आहे, पण तिच्या आडनावातला ळ त्याला जमत नाही. सासऱ्यांना पूर्ण गाणंभर चुकीची हाक मारतं ते. लावू का?

टिंगलखोर
लाव. सासरे जेवायला गेले की लाव.

अँकर_पुण्याची
नको लावू. मित्रांना म्हण, स्टेजवर येऊन स्वतः गा. बेसूर गातील, पण ळ तरी येईल.

लॉनमालक_नाही
एक वेगळं विचारतो. हॉटेलात रिसेप्शन होतं, मॅनेजर म्हणाला आधी गाण्यांचं लायसन्स दाखवा मग वायर जोडा. पार्टी माझ्यावर ओरडली. लग्नाला लायसन्स लागतं का हो?

नियमाप्रमाणे
कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडए) वाचा. धार्मिक समारंभात गाणी वाजवली तर उल्लंघन नाही, आणि स्पष्टीकरणात वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक समारंभही धरलेत. केंद्राने जुलै २०२३ मध्ये हेच सांगणारी नोटीस काढली. त्यानंतर गोवा सरकारने तेच बजावणारं परिपत्रक काढलं, ते हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कलम जागेवर आहे, पण कुठला कार्यक्रम त्यात बसतो यावर वाद चालतात. तेव्हा कागद पार्टीने आणि हॉटेलने आधीच बघून घ्यावेत, आणि हे तुमच्या करारात एक ओळ टाकून लिहून घ्या.

लॉनमालक_नाही
करार? आमच्यात पानसुपारी आणि 'तुम्ही घरचेच' एवढंच असतं.

सबवूफर_सातारा
+१ आणि शेवटचे पाच हजार घरचे म्हणून राहतात ते राहतातच.

गावाकडची
सगळं वाचलं. माझ्या लग्नात डीजे नव्हता, बेंजो होता आणि बेंजोवाला माझ्या वर्गातला. माझ्याकडे बघून रडत होता, का ते अजून माहीत नाही. असो.

टिंगलखोर
ताई हे असं अर्धवट सोडू नका!!!

गावाकडची
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकणं) करता येतं का इथे? नवरा पण या साइटवर आहे.

माइकवाला
अवांतर: माझा बारा चॅनलचा मिक्सर काढायचाय, दोन फेडर खरखरतात, बाकी ठणठणीत. आणि नगर-शिरूर भागात गोंधळासाठी संबळवाला हवाय कुणाला माहीत असेल तर. पार्टीला रेकॉर्डेड नको, माणूस हवा म्हणतात.

बँडवाल्याचा_नातू
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. फोन रात्री आठनंतर करा, दिवसा तो शेतात असतो.