आमची नात आणि त्या सिस्टर

कमी वजनाची बाळं मशिनमुळे, म्हणजे ऊब देणाऱ्या इनक्युबेटरमुळे वाचतात, असं कोणीतरी लिहिलंय. मशिन लागतेच, त्यात वाद नाही. पण आमची नात जगली त्यात एका सिस्टरचा वाटा फार मोठा आहे.

आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यातलं. सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली, बाळ दीड किलोच्याही आत. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात ठेवलं. लेकराला हात लावायलाही सून भ्यायची. बाळ जरा स्थिरावल्यावर सिस्टरनी तिला खुर्चीत मागे टेकवून बसवलं, बाळाला फक्त टोपी-लंगोट ठेवून उघड्या छातीवर दिलं. "भेऊ नोको माय, तुह्याच उबेनं वाढते ते." सून थकली की माझ्या मुलाला शर्ट काढून बसवायच्या! बाप असा लेकरू घेऊन बसलेला आमच्या गावात कोणी पाहिलाच नव्हता.

ही कांगारू पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या एका दवाखान्यात सुरू झाली, कारण तिथे इनक्युबेटर अपुरे होते. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी तीच सांगते. पण घाबरलेल्या आईला तासन्‌तास धीर देत ती शिकवायला माणूसच लागतो. रात्रपाळीतही त्या सिस्टर दूध काढायला, नळीतून पाजायला शांतपणे शिकवत. एकदाही खेकसल्या नाहीत.

सुट्टीनंतर आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरी येऊन वजन-ताप बघायच्या. गावातल्या बाईला शिकवून घरीच नवजात बाळ जपता येतं, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने आपल्याच गडचिरोलीत दाखवलं. नात आता अंगणवाडीत जाते. सिस्टर, तुमचे उपकार आमचं घर विसरणार नाही.