वहीतल्या हिशेबाच्या पुढची पायरी: चेक

मुलांना खाऊच्या पैशांचा हिशेब वहीत लिहायला लावा, असा सल्ला देतात, तो पटला. पण वहीतली चूक खोडता येते, चेकवरची नाही. 10 वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं (रकमेची मर्यादा बँकेगणिक वेगळी, चेकबुक देतात का तेही आधी विचारा). मुलं हमखास चुकतात ती अक्षरी रकमेत: ओळीच्या मध्यापासून सुरुवात करतात, पुढे जागा मोकळी सोडतात. अगदी डावीकडून लिहायचं, शेवटी ‘फक्त’ आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या समांतर रेघा, म्हणजे पैसे खात्यातच जमा होतात. नाव किंवा रक्कम गिरवली तर सरळ नवा चेक. आणि सही आधी कोऱ्या कागदावर वीसेकदा घोटून घ्या, पोरांची सही दर महिन्याला बदलते!