परीक्षेला बसलेल्या पोरांच्या बॅगा कोण सांभाळणार?

मनीषा, ए २०३: नमस्कार मंडळी. सईचा फोन आज कॉलेजमधून चोरीला गेला. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, बॅगा बाहेर पॅसेजमध्ये ठेवायला सांगितल्या होत्या. पेपर देऊन बाहेर आली तर बॅग जागेवर, पण चेन उघडी. फोन नाही, पाकीटही नाही. आता काय काय करायचं, कुणी सांगेल का? पोरगी रडून रडून बेजार झालीय.

ओंकार, सी १०४: काकू, सगळ्यात आधी सिम बंद करा. तुमच्या फोनवरून कस्टमर केअरला लावा. मग बँकेला सांगून यूपीआय आणि एटीएम कार्ड बंद. तिसरं, सईचं गूगल अकाउंट घरच्या कॉम्प्युटरवर उघडून फाइंड हबवर (आधीचं फाइंड माय डिव्हाइस) जा, तिथून फोन लॉक करता येतो.

मनीषा, ए २०३: सिम आणि कार्ड बंद केलं. फोन कुठेय ते दिसत नाही. परीक्षेला स्विच ऑफ करूनच ठेवायला सांगतात ना.

ओंकार, सी १०४: तरी लॉक टाकून ठेवा. फोन चालू होऊन नेटला जोडला गेला की लागू होईल.

शिंदे काका, बी ३०२: मनीषा, पोलिसांत गेलात का?

मनीषा, ए २०३: ऑनलाइन केली काका तक्रार. पुणे पोलिसांच्या साइटवर, लॉस्ट अँड फाउंडमध्ये.

शिंदे काका, बी ३०२: ती हरवलेल्या वस्तूंची नोंद झाली. तिच्यावर तपास होत नाही. उद्या ठाण्यात जाऊन चोरीचा एफआयआर करायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीचं कलम ३०३. बॅग कुठे ठेवली होती, किती वाजता ठेवली, किती वाजता बघितली, सगळं अर्जात लिहा. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर घ्यावाच लागतो. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवूनच घेत नाहीत असं झालं तर पोलीस उपायुक्तांना लेखी द्यायचं. फोनचं बिल किंवा खोकं बरोबर न्या, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक असतो.

ओंकार, सी १०४: तोच नंबर सरकारच्या संचार साथी साइटवर सीईआयआरमध्ये, म्हणजे मोबाइलच्या केंद्रीय नोंदवहीत, टाकून फोन ब्लॉक करायचा. आपल्या महाराष्ट्रात ही सोय २०१९ मध्येच प्रायोगिक म्हणून सुरू झाली, देशभर मे २०२३ पासून. पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपी लागतो. ओटीपीसाठी डुप्लिकेट सिम घ्या, पण नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा घाबरू नका. ब्लॉक झाला की दुसरं सिम घालूनही फोन चालत नाही. पुढे सापडलाच तर तिथूनच अनब्लॉक होतो.

आणि ग्रुपवरच्या सगळ्यांनी आत्ताच *#०६# डायल करून आपापला आयएमईआय कागदावर लिहून ठेवा. फोनमध्ये सेव्ह करू नका, फोनच गेला तर काय बघणार.

जोशी, ए ४०१: हल्ली कॉलेजांत कुठून कुठून मुलं येतात. हॉस्टेलवाल्यांच्या खोल्या तपासायला हव्यात. आणि सीसीटीव्हीमध्ये कोणी दिसत असेल तर फोटो इथे टाका, सगळीकडे फिरवू.

वर्षाताई, बी ५०१: जोशीसाहेब, हे कृपा करून नको. मी तीस वर्षांहून जास्त काळ कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. वस्तू गेली की पहिलं बोट बाहेरगावच्या पोरावर जायचं, आणि तो निर्दोष ठरला तरी वर्गात मान खाली घालून बसायचा. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला लॅपटॉप गेला तर दुसरा कोण घेऊन देणार? त्याचं नुकसान आपल्या मुलांपेक्षा मोठं असतं. पॅसेजमधून जाणाऱ्या एखाद्याचा फोटो चोर म्हणून फिरला तर त्या पोराचं पुढे काय होईल, याचाही विचार करा. फुटेज पोलिसांनाच द्यायचं. मात्र ते आठ-पंधरा दिवसांत पुसलं जाऊ शकतं, म्हणून जपून ठेवण्याचं पत्र मनीषाने उद्याच प्राचार्यांना द्यावं.

शिंदे काका, बी ३०२: वर्षाताईंशी सहमत. फोटो फिरवला की खरा चोरही सावध होतो.

वर्षाताई, बी ५०१: आता मुद्द्याचं, जरा लांब लिहिते.

सईने काही चुकीचं केलेलं नाही. फोन आत न्यायला बंदी, घरी ठेवला तर परत येताना संपर्क नाही. मग तो बॅगेतच राहणार. पॅसेजमध्ये पन्नास-साठ बॅगांचा ढीग, जवळपास प्रत्येकीत फोन, आणि मालक दोन-तीन तास आत कोंडलेले. वेळापत्रक बोर्डावर लावलेलं असतं. चोरी करणाऱ्याला याहून सोपं काय हवं? ती बॅग तेवढ्या वेळापुरती कुणाच्याच ताब्यात नसते, खरी अडचण इथे आहे.

ग्रंथालयात आम्ही प्रॉपर्टी काउंटर चालवायचो. बॅग द्या, टोकन घ्या, टोकन दाखवा, बॅग न्या. समोर एक शिपाईमामा बसलेले असायचे. काउंटरवरून काही गेलं असं क्वचितच व्हायचं. जे जायचं ते आतल्या टेबलावरून. पोरं बॅग ठेवून जागा धरतात आणि चहाला जातात. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं आजही हेच करतात, टेबलावर लॅपटॉप उघडा आणि मालक टपरीवर. जागा धरायची तर वही ठेवा, पाण्याची बाटली ठेवा. लॅपटॉप आणि पाकीट बरोबर न्या.

उठायचंच असेल तर शेजारच्याला तोंडाने सांगा. त्याने मान वर करून 'हो' म्हटलं पाहिजे. थॉमस मोरिआर्टी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक जण रेडिओ ठेवून उठून जायचा आणि प्रयोगातलाच दुसरा माणूस तो उचलून न्यायचा. 'जरा माझ्या वस्तूंकडे लक्ष ठेवाल का' असं ज्यांना सांगितलं होतं, त्या २० पैकी १९ जणांनी चोराला अडवलं. ज्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्या २० पैकी फक्त ४ जण उठले. माणसं तशीच, वस्तूही तीच. फरक एवढाच की एकाने जबाबदारी घेतली होती. अभ्यासिकेतला शेजारीही अनोळखीच असतो, पण एकदा 'हो' म्हणाला की तो बघतो. हे मी स्वतः अनेक वर्षं पाहिलंय.

रोहिणी, सी ३०१: ताई, आमचा मुलगा पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना रात्री उशिरापर्यंत थांबतो. सगळ्यांच्या बॅगा हॉलच्या कोपऱ्यात. तिथे काय करायचं?

वर्षाताई, बी ५०१: तालमीत ज्याचा प्रवेश चालू नाही असा कोणी ना कोणी असतोच. त्या वेळेला बॅगा त्याच्याकडे, आणि तो रंगमंचावर गेला की दुसऱ्याचं नाव ठरलेलं हवं. मैदानावरही तेच, बॅटिंगची वाट बघणाऱ्याने बॅगांपाशी बसायचं.

ओंकार, सी १०४: आणि लॅपटॉप स्कूटरच्या डिक्कीत नको. सीट जोर लावून उचकटता येते.

देशमुख, ए १०२: लॅपटॉपही त्या सीईआयआरवर ब्लॉक होतो का?

ओंकार, सी १०४: नाही काका, ते मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या उपकरणांसाठी आहे. लॅपटॉपचा सिरियल नंबर खालच्या स्टिकरवर असतो, तो लिहून ठेवा. एफआयआरमध्ये तो घातला तर सापडलेला लॅपटॉप आपलाच आहे हे दाखवता येतं. विंडोज असेल तर बिटलॉकर आणि मॅक असेल तर फाइलव्हॉल्ट चालू ठेवा, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येत नाही. प्रोजेक्टची एक प्रत दुसरीकडे हवीच. शेवटच्या वर्षाच्या पोराचा प्रोजेक्ट गेला तर नवा लॅपटॉप घेऊनही तो परत येत नाही.

मनीषा, ए २०३: वर्षाताई, परीक्षेच्या वेळी तरी कॉलेजने काही करायला नको का? पॅसेजमध्ये 'आपल्या वस्तूंची जबाबदारी आपली' अशी पाटी आहे म्हणे.

वर्षाताई, बी ५०१: फोन आत नेऊ नका हा नियम कॉलेजचा. मग तो ठेवायची सोय करणंही कॉलेजचंच काम आहे, नुसती पाटी लावून भागत नाही. मोठा खर्चही नाही. परीक्षेच्या मजल्यावरचा एक रिकामा वर्ग, कुलूप, टोकनं आणि पेपर सुटेपर्यंत दारात एक माणूस. आपल्या सोसायटीतल्या ज्यांची मुलं त्या कॉलेजात आहेत त्यांनी मिळून पत्र देऊ. मी आज रात्री मसुदा लिहून इथे टाकते. प्राचार्य आणि परीक्षा विभाग, दोघांच्या नावे.

रोहिणी, सी ३०१: माझं नाव घाला. आमच्या कॉलेजलाही तेच पत्र देईन.

जोशी, ए ४०१: माझा पुतण्या तिथेच आहे, त्याच्या वडिलांची सही आणतो. हॉस्टेलबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

देशमुख, ए १०२: लेखी परीक्षा सोमवारपासून आहे ना? मग पत्र शुक्रवारच्या आत पोचायला हवं.

वर्षाताई, बी ५०१: हो. सह्या उद्या संध्याकाळी सातपर्यंत माझ्याकडे द्या.

शिंदे काका, बी ३०२: मनीषा, सकाळी साडेनऊला गेटपाशी या, मीही येतो ठाण्यात. सईला बरोबर घ्या, जबाब तिचाच लागेल. बिलाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा.