जिन्याच्या तोंडाशीच का थांबतात लोक?

रोज संध्याकाळी दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिमेकडे गाडी बदलते. पुलाच्या शेवटच्या पायरीवर कोणीतरी हमखास मोबाईल काढून उभं असतं. मागून अख्खी गाडी उतरत असते! काल पुढच्या आजींचा तोल गेला, कठडा हाती लागला म्हणून वाचल्या. त्या मुलाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १: "दादा, जरा कडेला व्हा" म्हणतो. बहुतेक जण लगेच सरकतात, त्यांना खरंच कळलेलं नसतं.

प्रतिसाद २: २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरची चेंगराचेंगरी. पावसामुळे माणसं पुलावर थांबली, मागून गर्दी येतच राहिली. दोष अरुंद पुलाचा, पण तेव्हापासून मी जिन्यावर थांबत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: काल मी गप्प राहिले, तेच सलतंय. आज बोलणार.